शाळेतील आरोग्य केंद्र : तयारी नेमकी कशाची पाहावी?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाकडे एक वेगळेच काम आले. मुंबईच्या एका सेवाभावी संस्थेला शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या शाळेत आरोग्य केंद्र काढून द्यावयाचे होते. पलंग, कपाट, वजनकाटा, औषधांचा पहिला साठा आणि सुरुवातीचा काही खर्च संस्था करणार होती. कोणती शाळा त्यासाठी तयार आहे, एवढेच आम्ही पाहून सांगावयाचे होते. आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी संस्थेने छापून पाठविलेला तक्ता आम्हां सहा जणांच्या हाती दिला आणि म्हणाले, "तक्ता भरा, पण तक्त्याबाहेरचेही पाहून या." सरांच्या या शेवटच्या शब्दांमुळे मला जे पाहावयास मिळाले ते विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे व गुरुजनांपुढे ठेवावे म्हणून हा लेख लिहीत आहे. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. अभ्यासलेख कसा लिहितात हे मला पुरते ठाऊक नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

माझ्या वाट्याला दोन शाळा आल्या. एक शहापूर तालुक्यातील निवासी आश्रमशाळा आणि दुसरी मुरबाड तालुक्यातील माध्यमिक शाळा. नावे मुद्दामच देत नाही, कारण जे उणे मला दिसले ते त्या दोन शाळांपुरते नाही. मात्र दुसरी शाळा माझी स्वतःची आहे हे सांगितलेच पाहिजे. मी तेथे पाचवी ते दहावी शिकले. परीक्षकाने आपल्याच घराची परीक्षा घ्यावी तसा तो प्रकार होता, आणि तो किती अवघड जाणार आहे याची मला आधी कल्पना आली नाही.

शाळेत मुलांची प्रकृती तपासावी हा विचार आपल्याकडे नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १९०९ साली शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी झाली; हिंदुस्थानातील ती पहिली मानतात. पुढे सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, त्यात देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच असे स्पष्ट म्हटले होते. (हे भोर जन्माने नाशिकचे, हे मला ग्रंथालयात बसल्यावर कळले व उगीचच बरे वाटले.) १९६० मध्ये श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली खास शालेय आरोग्यासाठी समिती नेमली गेली व तिचा अहवाल पुढच्याच वर्षी आला. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्यात दोन डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन प्रत्येक मूल तपासते, त्याचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाला. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पासूनचा. म्हणजे या बाबतीत आपला भाग मागे राहिला असे म्हणता यावयाचे नाही. समित्या झाल्या, अहवाल झाले, तपासणीही होते. मग अडते कुठे?

याचे उत्तर मला ग्रंथालयात मिळाले नाही, ते माझ्या जुन्या बाकावर मिळाले.

मी सातवीत असताना माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या अंगावर खरूज उठली. बोटांच्या बेचक्यांतून हातभर पसरली. वर्गातली मुले तिच्याजवळ बसेनात. बाईंनी तिला बरी होईपर्यंत घरी राहावयास सांगितले. बाईंचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. वर्गात पन्नास मुले होती आणि बाईंजवळ दुसरा उपाय नव्हता. मैत्रिणीचे घर शाळेपासून दीड तास चालीवर. घरी गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम तिच्याकडे आले. दिवाळीनंतर तिचे आईवडील वीटभट्टीवर गेले, तेव्हा तिलाही घेऊन गेले. खरूज केव्हातरी बरी झाली असणार. ती मात्र शाळेत परत आली नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी ती मला मुरबाडच्या एस.टी. स्थानकावर भेटली, तेव्हा तिच्या कडेवर मूल होते.

खरूज हा काही मरणाचा आजार नाही. पण तिच्या शाळेचा शेवट त्या खरजेने झाला.

या गोष्टीचे मोल मला एका परदेशी घटनेमुळे समजले. न्यूयॉर्क शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी डॉक्टर शाळाशाळांतून मुले तपासत आणि खरूज, नायटा, उवा, डोळ्यांची खुपरी असे काही आढळले की मुलाला घरी पाठवीत. घरी उपचार करणार कोण? मुले रस्त्यावर हिंडत, शाळा सुटली की त्याच निरोगी सोबत्यांबरोबर खेळत आणि वर्ग रिकामे पडत. १९०२ च्या ऑक्टोबरात लीना रॉजर्स नावाच्या एका परिचारिकेला प्रयोग म्हणून चार शाळांवर नेमले. तिने किरकोळ रोगांवर शाळेतच औषध लावावयास सुरुवात केली आणि संध्याकाळी मुलांच्या घरी जाऊन आयांना दाखवून दिले. प्रयोग यशस्वी ठरला व परिचारिका वाढविल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये त्या शहरात १०,५६७ मुले घरी पाठविली गेली होती. वर्षभराने त्याच महिन्यात ही संख्या १,१०१ वर आली. तपासणी आधीही होतीच. उणीव होती ती तपासणीनंतर मुलाला परत बाकावर आणून बसविणाऱ्या माणसाची.

म्हणून मी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने एकच प्रश्न लिहून घेतला : या शाळेत आजारी पडलेले मूल पुन्हा वर्गात कोण आणणार? आणि तो घेऊन दोन्ही शाळांत गेले.

शहापूरची आश्रमशाळा पाहून प्रथम मन प्रसन्न झाले. पक्की इमारत, वीज, रस्ता थेट फाटकापर्यंत, आणि आजारी मुलांसाठी स्वतंत्र खोली. तक्त्यातल्या जवळजवळ सर्व रकान्यांत मी बरोबरची खूण केली. मग औषधांचे कपाट पाहावयास मागितले. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्याजवळ होती ते शनिवार असल्याने कल्याणला घरी गेले होते. स्वयंपाकाच्या मावशींना मी विचारले, "मावशी, रात्री एखाद्या मुलीला ताप भरला तर काय करता?" त्या म्हणाल्या, "पाण्याच्या पट्ट्या ठेवतो बाई. उजाडलं की बघतो."

निवासी शाळेची परीक्षा रात्री होते, हे मला त्या दिवशी उमगले. दिवसाच्या शाळेतले मूल संध्याकाळी आईजवळ जाते; आश्रमशाळेतल्या मुलाची आई डोंगरापलीकडे असते. डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा सरकारी निकष आहे. पण शेकडो मुले एका छपराखाली रात्रंदिवस राहतात तेव्हा लोकसंख्येचा हा हिशेब पुरा पडत नाही. आश्रमशाळांतील मुलांच्या मृत्यूंचा विचार करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि तिचा अहवाल २०१६ मध्ये आला, यावरून विषय किती गंभीर आहे ते ध्यानात येईल. कपाटात काय आहे हे तक्ता विचारत होता. रात्री दोन वाजता किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हे विचारावयाला त्यात रकाना नव्हता.

दुसरी गोष्ट पाण्याची. खरजेचे औषध एकट्या मुलाला लावून भागत नाही. एका खोलीत निजणाऱ्या सर्वांना ते एकाच वेळी लावावे लागते आणि कपडे, चादरी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवाव्या लागतात; नाही तर पंधरा दिवसांत खरूज पुन्हा हजर. म्हणजे औषधाच्या नळीइतकेच बादलीभर पाणी हे औषध आहे. आता शहापूर तालुक्याची स्थिती आपणां सर्वांना ठाऊक आहे. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण याच तालुक्यात, भातसा याच तालुक्यात. मुंबईची तहान आपल्या डोंगरांतले पाणी भागविते आणि मार्च उलटला की आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. शाळेची विहीर कोणत्या महिन्यापर्यंत पुरते हे मी विचारले. "होळीपर्यंत," असे उत्तर मिळाले. संस्थेच्या तक्त्यात 'पाणी : आहे / नाही' एवढेच होते. मी 'आहे' पुढे 'होळीपर्यंत' असे लिहिले.

मुलींशी बोलावयाला मी दुपारी एकटीच वसतिगृहात बसले. प्रथम सगळ्या गप्प. मग एकजण म्हणाली, "ताई, पोटात दुखतं म्हणून सांगितलं की सर पोटदुखीची गोळी देतात." तिला काय म्हणायचे होते ते तेथे बसलेल्या प्रत्येकीला कळले. पुरुष शिक्षकाला ते सांगता येत नाही आणि मुलींची बाथरूम आतून लागत नाही, म्हणून त्या दिवसांत काही मुली घरी जाणेच पसंत करतात. हे लिहावे की नाही असा मला संकोच वाटला. पण आरोग्य केंद्र काढावयाचे आणि शाळेतल्या अर्ध्या मुलांचे मोठे गाऱ्हाणे त्यात यावयाचे नाही, हे बरे नव्हे. दाराला आतून कडी बसविणे हे त्या शाळेतले सर्वांत स्वस्त आरोग्यकार्य ठरेल असे माझे मत आहे.

रक्तक्षयाबद्दलही थोडे सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोहाची कमतरता किंवा तत्सम कारणाने आलेला रक्तक्षय आढळला. शाळेत किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी लोहाची गोळी देण्याची योजना आहे. गोळी चांगलीच आहे. पण आम्ही ती शाळेत असताना काय करीत होतो ते मला माहीत आहे. उपाशीपोटी घेतली की मळमळे, शौचाला काळे होई, त्यामुळे काहीतरी भलतेच झाले असे वाटे. मग गोळी जिभेखाली धरून खिडकीबाहेर जाई. जेवणानंतर घ्या आणि काळे होते ते गोळीमुळेच, घाबरू नका, एवढी दोन वाक्ये कोणी आम्हांला समजावून सांगितली असती तर बऱ्याच गोळ्या पोटात गेल्या असत्या. ती दोन वाक्ये सांगणारा माणूस, पुन्हा तोच मुद्दा.

आता माझ्या शाळेविषयी. आम्ही येणार हे कळल्यावर गावाने श्रमदान करून व्हरांड्याच्या टोकाची खोली नीट केली होती. पांढरा चुना दिला होता. दारावर निळ्या रंगात 'आरोग्य कक्ष' असे लिहूनही ठेवले होते, आणि ती अक्षरे माझ्या चित्रकलेच्या सरांची आहेत हे मी लांबूनच ओळखले. माझे वडीलही त्या श्रमदानात होते. मुख्याध्यापकांनी स्वतः उभे राहून मला खोली दाखविली आणि म्हणाले, "बघ पोरी, आपली शाळा पहिली आली पाहिजे."

मी विचारले, "सर, इथे बसणार कोण?"

सर म्हणाले उपकेंद्राच्या सिस्टर येतील. सिस्टरना मी दुसऱ्या दिवशी भेटले. त्यांच्याकडे इतके पाडे, लसीकरणाचे दिवस, गरोदर बायकांच्या नोंदी; शाळेत महिन्यातून एकदा येणे त्यांना जमेल, तेही पावसाळ्यात ओढा उतरला तर. मग सर म्हणाले शिक्षक पाहतील. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय आरोग्य योजनेत प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण घ्यावे असे आहे. आमच्या शाळेतील प्रशिक्षण घेतलेल्या सरांची बदली झाली होती. बाई आहेत, पण त्यांच्याकडे दोन वर्ग आणि शाळेचे सगळे कागद आहेत.

साप चावला तर? आमच्याकडे पावसाळ्यात फुरसे, घोणस, मण्यार, नाग, चारही निघतात. सापाच्या विषावरचे औषध शाळेत ठेवण्याचे नाही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. शाळेने करावयाचे ते एवढेच : मुलाला हालू न देणे, हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवणे, चावलेल्या जागी कापाकापी किंवा आवळपट्टी न करणे, आणि वेळ न घालविता रुग्णालय गाठणे. १०८ क्रमांकाची गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. पण आमच्या शाळेत फोन लागावयाचा तर पाण्याच्या टाकीवर चढावे लागते. मी चढून पाहिले, लागला. टाकीला झाकण नव्हते, हेही वरूनच दिसले.

शेवटी मी हजेरीपट मागितला. गैरहजर मुलांपुढे नुसती फुली. का गैरहजर, किती दिवस, परत आले की नाही, काही कळावयास मार्ग नाही. मागच्या तपासणीत ज्या मुलांना पुढील उपचारासाठी चिठ्ठ्या दिल्या होत्या त्यांपैकी तिघांच्या घरी मी गेले. तिन्ही घरांत चिठ्ठी रेशनकार्डाबरोबर ट्रंकेत जपून ठेवलेली होती. कान वाहणाऱ्या एका मुलाचे वडील म्हणाले, "उल्हासनगरला न्यायला दोन माणसांची रोजी बुडते, वर गाडीभाडं. आणि तिथं कुणाला भेटायचं?" तो मुलगा मागच्या बाकावर बसतो आणि गुरुजी त्याला ढ समजतात. कदाचित त्याला नीट ऐकूच येत नसेल.

मी अहवालात लिहिले : आज तयारी नाही.

त्या संध्याकाळी घरी कोणी माझ्याशी धड बोलले नाही. जेवताना वडील म्हणाले, "फुकट मिळत होतं. आपल्याच गावाला नाही म्हणायला तुला कॉलेजात घातलं का?" मला उत्तर देता आले नाही. मुख्याध्यापक रागावले नाहीत, पण त्यांनी जो मुद्दा काढला तो मला अजून सतावतो. ते म्हणाले, "सगळी तयारी झाल्यावरच उघडायचं म्हटलं तर आपल्याकडे शाळासुद्धा उघडली नसती. आधी झाडाखाली भरली, मग भिंती आल्या."

हे खरे आहे. कासा येथे, तेव्हाच्या आपल्या जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात, १९७० नंतरच्या दशकात माता-बालकांच्या आरोग्याचा जो प्रकल्प झाला तो गावातल्याच अर्धवेळ सेविकांच्या बळावर झाला. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले तेव्हा खेड्यातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केले, आणि त्यांतल्या कित्येकींना लिहितावाचता येत नव्हते. पण या दोन्ही ठिकाणी आधी माणूस उभा केला होता. आमच्या शाळेत आधी पाटी उभी राहिली. कुलूप लावलेल्या दारावर 'आरोग्य कक्ष' असे वाचून आजारी मुलाची आई दोनदा परत गेली तर ती तिसऱ्यांदा येत नाही. मग पुढे खरेच कोणी येऊन बसले तरी तिला ते सांगून पटत नाही. सरांच्या झाडाखालच्या शाळेत भिंती नव्हत्या, पण गुरुजी होते.

तरीही मी अहवालाला एक पुरवणी जोडली, कारण सरांचे म्हणणे अगदी डावलावे असे मला वाटेना. केंद्र थांबावे, पण प्रथमोपचाराची पेटी थांबू नये. हजेरीपटात गैरहजेरीच्या कारणाचा एक रकाना वाढवावा. त्याला पैसा लागत नाही. गावातली दहावी झालेली एखादी मुलगी किंवा सून रोज दोन तास बसू शकेल काय ते पाहावे आणि संस्थेने पलंगाऐवजी वर्षभर तिचे मानधन द्यावे. उल्हासनगरला किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात चिठ्ठीवाल्या मुलांना महिन्यातून एकदा एकत्र घेऊन जावे, म्हणजे दहा घरांची रोजी बुडण्याऐवजी एकाच माणसाचा दिवस जाईल. आश्रमशाळेसाठी मी दोनच गोष्टी लिहिल्या : किल्ली अधीक्षिकाबाईंजवळ आणि कडी आतून.

संस्थेने अजून निर्णय कळविलेला नाही. पलंगाऐवजी मानधन ही गोष्ट त्यांच्या नियमांत बसते की नाही याचा विचार चालू आहे असे सरांकडून कळले. आमच्या शाळेच्या त्या खोलीत सध्या पोषण आहाराच्या तांदळाची पोती आहेत. बाईंनी मात्र जानेवारीपासून हजेरीपटावर लाल शाईने रकाना आखला आहे. गेल्या रविवारी त्यांनी मला पहिल्या महिन्याची पाने दाखविली : ताप, ताप, भात झोडणी, कान, भट्टी, ताप, माहीत नाही, खरूज. खरूज लिहिलेल्या मुलीपुढे चार फुल्या आहेत आणि पाचव्या दिवशी हजर अशी खूण आहे. बाई संध्याकाळी तिच्या घरी मलम घेऊन गेल्या होत्या. टाकीला झाकण बसले की नाही ते पाहावयाला मी येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहे.